स्कूटरचं कव्हर आणि सेक्रेटरींची दाढ

दातांच्या डॉक्टरने स्वतःची स्कूटर स्वतः उघडू नये असा कायदा कुठेही नाही. असता तरी त्या रविवारी सकाळी आमच्या डॉक्टरांनी तो पाळला असता असं वाटत नाही, कारण ते भलतेच उत्साहात होते. स्कूटर गेले काही दिवस डाव्या अंगाने खडखडत होती. इंजिनच्या डाव्या बाजूला ते लांबट कव्हर असतं ना, त्याच्या आत कुणीतरी डबा वाजवत बसल्यासारखा आवाज यायचा. डॉक्टरांची बायको रोज त्याच स्कूटरवरून शाळेत गणित शिकवायला जायची. ती म्हणाली, "अहो, मी फाटकापाशी पोचायच्या आत पोरं बाकावर चिडीचूप बसलेली असतात. नुसत्या आवाजाने."

"मग शिस्तीच्या दृष्टीने बरंच आहे की," असं डॉक्टरांनी म्हणून पाहिलं.

बायको नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. लग्नाला बरीच वर्षं झाली की या बघण्यालाही उत्तर द्यावं लागतं. डॉक्टर म्हणाले, "रविवारी उघडतो. मेकॅनिक कशाला? सहा-सात स्क्रूंचा तर प्रश्न." त्यांनी रात्री एक व्हिडिओ पाहिला होता. त्यातला माणूस पांढरा शर्ट घालून, शीळ वाजवत, एका हाताने ते कव्हर काढून बाजूला ठेवत होता आणि शर्टाला डागसुद्धा लागत नव्हता. माणसांच्या तोंडात, लाळेच्या डबक्यात, कसलाही उजेड नसताना आपण जे करतो त्याच्यापुढे हे काय, असं डॉक्टरांना वाटलं तर त्यांना कोण दोष देणार?

पण त्या रविवारी गोष्ट नुसत्या खडखडाटाची नव्हती. गोष्ट होती सेक्रेटरींच्या दाढेची, आणि ती सोमवारी सकाळी निघायची होती.

इमारतीचे सेक्रेटरी म्हणजे करारी माणूस. पाण्याची टाकी कधी धुवायची, जिन्याला कुठला रंग द्यायचा, लिफ्ट कोणत्या दिवशी बंद ठेवायची, सगळं त्यांच्या सहीने व्हायचं. मोठमोठे कंत्राटदार त्यांच्यापुढे उभ्याउभ्या घामाघूम होत. पण खालची डावी दाढ हलायला लागली आणि या सिंहाची पाचावर धारण बसली. कित्येक महिने ते गालावर हात ठेवून डॉक्टरांच्या दवाखान्यासमोरून नुसते जात-येत होते. शेवटी परवा, डॉक्टरांनी दाढ तपासून खूप समजूत घातल्यावर, "सोमवारी येतो. दहा वाजता," असं म्हणाले होते.

आता एका दाढेसाठी एवढं काय, असं कुणी विचारेल. तर कोपऱ्यावर एक नवा दवाखाना उघडला होता. काचेचं आपोआप सरकणारं दार, मऊ सोफा, आणि भिंतीएवढी माशांची टाकी. इमारतीच्या तळमजल्यावरच्या आमच्या डॉक्टरांकडे एक लाकडी बाक आणि करकरणारी खुर्ची. गल्लीतले अर्धे पेशंट मासे बघायला म्हणून गेले ते तिकडचेच झाले. उरली होती ती इमारत. आणि इमारतीतली माणसं पेपरवाल्यापासून प्लंबरपर्यंत सगळं सेक्रेटरींना विचारून ठरवायची. सेक्रेटरींची दाढ जिथे जाईल, तिथे इमारतीच्या सगळ्या दाढा जाणार होत्या. हे डॉक्टरांना पक्कं ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना मनातून धास्ती वाटत होती. करकरणाऱ्या खुर्चीवर त्यांचं प्रेम होतं. दवाखाना बंद करून कुणाच्या तरी माशांच्या टाकीशेजारी नोकरी धरायची त्यांची तयारी नव्हती.

तर रविवारी सकाळी डॉक्टर पार्किंगमध्ये उतरले. जमिनीवर हिरवं कापड अंथरलं, त्यावर ट्रे ठेवला, ट्रेमध्ये पाने, पेचकस ओळीने लावले, हातात मोजे चढवले आणि सवयीने तोंडाला मास्कही बांधला. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून त्यांच्या आईने हे पाहिलं.

"काय उघडतोयस रे?"

"काही नाही आई, स्कूटर."

"लहानपणी रेडिओ उघडला होतास," आई सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. "तो अजून उघडाच आहे."

डॉक्टरांनी तिकडे दुर्लक्ष केलं. स्क्रू मात्र झरझर निघाले. प्रत्येक स्क्रू त्यांनी पुसून, ज्या क्रमाने काढला त्याच क्रमाने ट्रेमध्ये मांडला. मग दोन्ही हातांनी कव्हर धरलं, व्हिडिओतल्यासारखी शीळ घातली (मास्कमुळे ती नीट वाजली नाही) आणि ओढलं. कव्हर हललं नाही. शीळ बंद करून ओढलं. पाय टेकवून ओढलं. घोडं अडलं ते तिथेच.

एखादा स्क्रू राहिला की काय म्हणून डॉक्टरांनी दवाखान्यातला तोंडात घालायचा छोटा आरसा आणला, टॉर्च धरला आणि स्कूटरच्या पोटाखाली आडवे होऊन सगळीकडून बघितलं. एकही स्क्रू राहिला नव्हता. उठून बसतात तर समोर सेक्रेटरी.

"डॉक्टर, पार्किंगमध्ये दुरुस्ती करायची तर कमिटीला आधी लेखी अर्ज लागतो."

"ही दुरुस्ती नाही हो, तपासणी आहे," डॉक्टर म्हणाले. माणूस अडचणीत आला की त्याला असं काहीतरी सुचतं.

"तपासणीला अर्ज लागतो का, ते बघावं लागेल." सेक्रेटरी वर गेले, नियमांचं पुस्तक चाळून खाली आले आणि येताना एक प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले. "तपासणीचा उल्लेख नाही. म्हणजे परवानगीही देता येत नाही आणि मनाईही करता येत नाही. अशा वेळी पदाधिकाऱ्याने हजर राहावं, हे बरं." असं म्हणून ते खुर्ची टाकून, गालावर हात ठेवून, डॉक्टरांच्या समोरच बसले.

जगातल्या कुठल्याही माणसाने आपल्याला झुंजताना बघितलं असतं तरी चाललं असतं, फक्त हा माणूस नको होता. डॉक्टरांनी चेहरा शांत ठेवला, पातळ पेचकस कव्हरच्या फटीत घातला आणि नकळत, रोजच्या सवयीने, गोड आवाजात पुटपुटले, "काही नाही, नुसतं बघतोय हं. काहीच करत नाही."

सेक्रेटरी ताठ झाले. "हेच तुम्ही मला म्हणाला होतात."

पेचकसाचं टोक मोडलं आणि टणकन् उडून त्यांच्या खुर्चीखाली गेलं. सेक्रेटरींनी आपली खुर्ची थोडी मागे सरकवली.

आवाज ऐकून तिसऱ्या मजल्यावरचे इंजिनीअर खाली आले. हे गृहस्थ आयुष्यभर पूल बांधून निवृत्त झाले होते आणि पुलापेक्षा लहान कुठल्याही वस्तूबद्दल त्यांना शंका अशी उरली नव्हती. त्यांनी कव्हरला बोटाने टिचकी मारली, डोळे मिटले आणि म्हणाले, "धातू आहे. तापला की फुगतो. गरम पाणी ओता."

समोरच्या घरातल्या काकूंनी लगबगीने किटली भरून आणली. डॉक्टरांनी पाणी ओतलं. कव्हरवरून ते घसरलं आणि सरळ डॉक्टरांच्या चपलेत शिरलं. डॉक्टर एका पायावर नाचले, त्यांच्या तोंडून एक अस्सल किंकाळी निघाली, आणि सेक्रेटरींनी खुर्ची आणखी मागे घेतली.

"हं," इंजिनीअर म्हणाले, "आता काय झालंय, कव्हरही फुगलंय आणि आतलंही फुगलंय. बर्फ आणा."

बर्फ आला. बर्फाने काहीच झालं नाही, फक्त हिरवं कापड भिजलं. मग इंजिनीअरांनी घरून रबरी हातोडा आणला. ठोकण्याचा आवाज इतका घुमला, की आई गॅलरीत येऊन म्हणाली, "अरे, रेडिओच्या वेळीही असंच सुरू झालं होतं." काकूंनी विचारलं, "डॉक्टर, तुम्ही आमच्या ह्यांची दाढ काढलीत तेव्हा हातोडा नव्हता ना वापरला? कारण ते काही बोलत नाहीत त्याबद्दल." डॉक्टरांनी नाही म्हटलं. ते नको इतक्या जोरात म्हटलं गेलं.

एव्हाना जिन्यात, गॅलरीत, खिडक्यांत माणसं जमली होती. डॉक्टरांचे कान तापले. खरं तर इथेच हात टेकून, स्क्रू बसवून, गुपचूप वर जायला हवं होतं. पण समोर तो गालावर हात ठेवून बसलेला माणूस होता. आत्ता उठावं तर उद्या तो येणार नाही. म्हणून इंजिनीअरांनी जेव्हा दोर काढला तेव्हा डॉक्टर नाही म्हणाले नाहीत.

योजना अशी, की दोराचं एक टोक कव्हरच्या आकड्यासारख्या भागाला आणि दुसरं पार्किंगच्या खांबाला बांधायचं, आणि दोघांनी स्कूटर उलट्या दिशेने ओढायची. "खांब हलणार नाही, याची हमी माझी," इंजिनीअर म्हणाले. तेवढी एकच हमी त्या दिवशी खरी ठरली. दोघांनी जोर लावला. दोर ताणला. स्कूटरचं हँडल वळलं, स्टँड सुटला, आणि अख्खी स्कूटर अंगाला आळोखेपिळोखे देत शेजारच्या सायकलींवर कलंडली. पहिली सायकल दुसरीवर पडली, दुसरी तिसरीवर, आणि शेवटपर्यंत एकेकीची घंटी वाजत गेली. धूळ बसल्यावर सगळ्यांनी पाहिलं. कव्हर होतं तिथेच होतं.

सेक्रेटरी खुर्चीतून उठले, हळूहळू डॉक्टरांजवळ आले आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "डॉक्टर, एक विचारू? उद्या खांब लागेल का?"

डॉक्टरांना तोंडात मारल्यासारखं झालं. इतक्या वर्षांत त्यांच्या हाताला कुणी नाव ठेवलं नव्हतं. भित्रे, रडके, बोट चावणारे असे सगळे पेशंट हसत बाहेर पडले होते. आणि आज एका कव्हरपायी हे ऐकावं लागलं. त्यांचं तोंड वाकडं झालं, पण मास्क होता म्हणून निभावलं.

इतक्यात बायको चहा घेऊन खाली आली. तिने पडलेल्या सायकली बघितल्या, दोर बघितला, नवऱ्याची ओली चप्पल बघितली, आणि स्कूटर उभी केल्यावर कप तिच्याच सीटवर ठेवून कव्हरपाशी वाकली. गणिताच्या बाईंना पेपर तपासताना चूक जशी लांबूनच दिसते, तसं तिने फटीवर बोट ठेवलं.

"अहो, हे पांढरं काय आहे?"

डॉक्टरांनी बघितलं. कव्हरच्या कडेने, सगळीकडून, दातांच्या रंगाची एक बारीक, गुळगुळीत रेघ गेली होती. इतकी सुबक की धातूपासून वेगळी ओळखू येऊ नये. आणि मग डॉक्टरांना आठवलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

गेल्या वर्षी त्या कव्हरच्या फटीतून पाणी आत शिरत होतं. तेव्हाही त्यांनी मेकॅनिक कशाला म्हणत कव्हर उघडून, आत पुसून परत बसवलं होतं. आणि दवाखान्यातलं, दातांवर टोप्या बसवायचं उत्तम सिमेंट आणून ती फट बुजवली होती. नुसतं थापलं नव्हतं. आधी पृष्ठभाग खरखरीत केला, पुसला, वाळवला, पातळ थर दिला, निळा दिवा धरून तो कडक केला, कडा घासून चकचकीत केल्या. खुर्चीतल्या पेशंटसाठी जे करतात ते सगळं केलं होतं. आणि काम पूर्ण झाल्यावर, भरलेल्या दाताबद्दल विसरतात तसे ते विसरून गेले होते.

"अहो, हे तुमचंच सिमेंट!" बायको म्हणाली. तिला हळू बोलता येत नाही, रोज भरलेल्या वर्गापुढे बोलायची सवय. "म्हणजे सकाळपासून तुम्ही स्वतःच्याच कामाशी झोंबताय!"

हशा असा उसळला की वरच्या मजल्यावर झोपलेलं एक बाळ जागं झालं. काकू किटली हातात धरून हसत होत्या. इंजिनीअर म्हणाले, "तरी मी म्हणत होतो, रचना भक्कम आहे." गॅलरीतून आईने जाहीर केलं की रेडिओलाही त्याने काहीतरी चिकटवलंच असणार. डॉक्टर जमिनीकडे बघत उभे राहिले.

हसत नव्हते ते फक्त सेक्रेटरी. ते त्या पांढऱ्या रेघेवरून बोट फिरवत होते. त्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदाच रंग आला.

"गरम पाण्याने निघालं नाही," ते म्हणाले. "बर्फाने नाही. हातोड्याने नाही. दोराने नाही. डॉक्टर, हे तुमच्याकडे आहे अजून?"

"आहे की."

"मग माझी दाढ काढता कशाला? चिकटवून टाका! सोमवारी दहाला येतो, तुम्ही हेच लावा आणि विषय संपवा. सगळ्या इमारतीला सांगतो मी, कोपऱ्यावर कुणी जाऊ नका म्हणून."

बघा, नशीब कसं दार उघडून समोर उभं राहतं. नुसतं हो म्हणायचं होतं. दाढ महिनाभर टिकली असती, इमारत डॉक्टरांच्या पदरात पडली असती, आणि नंतरचं नंतर बघता आलं असतं. बायको त्यांच्याकडे बघत होती. इंजिनीअर बघत होते. डॉक्टरांनी मास्क खाली केला.

"नाही चालणार," ते म्हणाले. "तुमच्या दाढेच्या मुळाशी पू आहे. वरून चिकटवली तर आत सुजेल आणि महिन्याभरात जबडा धरेल. काढावीच लागेल."

सेक्रेटरींचा चेहरा पडला. "स्कूटरला एक न्याय आणि मला दुसरा," एवढंच म्हणाले, आणि खुर्ची उचलून जिन्याकडे निघाले. डॉक्टर त्या पाठमोऱ्या माणसाकडे बघत राहिले. खूप वाईट वाटलं त्यांना.

"थोडं गोड नसतं बोलता आलं?" बायकोने विचारलं.

"पू होता गं," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी जे सकाळीच करायला हवं होतं ते केलं. आपलंच सिमेंट आहे म्हटल्यावर ते कसं काढायचं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? दवाखान्यातून हातात धरायचं ड्रिल आणि लांब वायर आणली, स्टूल घेतलं, आणि ड्रिल सुरू केलं. तो बारीक, कानात शिरणारा आवाज पार्किंगमध्ये उठला मात्र, जिना रिकामा झाला. गॅलऱ्या रिकाम्या झाल्या. खिडक्या एकामागून एक बंद झाल्या. काकू किटली विसरून पळाल्या. पुलांचे इंजिनीअर घरी काहीतरी गॅसवर ठेवल्याचं सांगून गेले. ते एकटे राहतात आणि जेवण बाहेरून मागवतात.

आणि त्या रिकाम्या पार्किंगमध्ये डॉक्टरांनी आयुष्यातलं एक फार सुंदर काम केलं. धातूला ओरखडा न लावता, केसाइतक्या रेघेने, सगळं सिमेंट कापत नेलं. शेवटच्या कोपऱ्याशी कव्हर आपणहून सुटलं आणि अलगद त्यांच्या हातात आलं. एका हातात. त्यांनी शीळसुद्धा घातली. बघायला कुणी नव्हतं, बायको सोडून.

आत खडखडणारी वस्तूही लगेच सापडली. गेल्या वर्षी आत राहिलेला, कुठेतरी अडकून बसलेला आणि आता सुटलेला एक स्क्रू.

"पेशंटच्या बाबतीत असं काही होत नाही ना?" बायकोने विचारलं.

डॉक्टरांनी तो स्क्रू खिशात टाकला आणि चहा गार झाला म्हणाले.

सोमवारी दहा वाजले, दहा वाजून गेले. बाक रिकामा होता. डॉक्टरांनी उगाच आरसे पुसले, खुर्चीला तेल घातलं, पुन्हा आरसे पुसले. बायको शाळेत जाताना म्हणाली होती, "येतील हो." स्कूटर कसलाही आवाज न करता गेली होती, पण त्याचंही डॉक्टरांना काही वाटेना. अकराच्या सुमाराला दार ढकलून सेक्रेटरी आत आले. केस विस्कटलेले, डोळे लाल.

"कोपऱ्यावर जाऊन आलो," ते उभ्याउभ्याच म्हणाले. "मासे बघितले. तो डॉक्टर माझी दाढ बघून हसला आणि म्हणाला, काळजीच करू नका, काढायला नको, काही दुखणार नाही, सगळं छान होईल."

"मग?" डॉक्टरांनी घाबरत विचारलं.

"टाकी गळत होती तेव्हा तो कंत्राटदार असाच हसला होता. एकही थेंब गळणार नाही म्हणाला. आठ दिवसांत तळमजला भिजला." सेक्रेटरी खुर्चीत बसले. खुर्ची करकरली. "तुम्ही काल भर लोकांत, स्वतःचं नुकसान होत असताना, पू आहे म्हणालात. पू आहे म्हणणारा माणूस मला पटतो. पण इंजिनीअर आत येता कामा नयेत."

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. थांबले. हात धुतले. सेक्रेटरींनी खुर्चीचे दोन्ही दांडे घट्ट धरले, डोळे गच्च मिटले आणि सगळं शरीर कडक केलं.

"झालं," डॉक्टर म्हणाले.

"काय झालं?"

"निघाली."

सेक्रेटरींनी एक डोळा उघडला. ट्रेमध्ये दाढ पडली होती. त्यांनी दुसरा डोळा उघडला. जीव भांड्यात पडल्याचा कसलाही भाव त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता. उलट ते हळूहळू लाल होत गेले.

"एवढ्यात?" ते बधिर जिभेने म्हणाले. "काल त्या श्कूटरला शबंध दिवश दिलात! दोर बांधलात! आणि माझ्या दाढेला एवढंच? अहो, मी रात्रभर जागा आहे! बायकोला कपाटाच्या किल्ल्या कुठे आहेत ते शांगून आलोय! आता घरी जाऊन काय शांगू?"

डॉक्टरांनी कापसाचा बोळा दिला. "हा घट्ट चावून धरा, आणि तासभर बोलायचं नाही."

दोघं दाराबाहेर आले तर बाकावर इंजिनीअर आणि काकू. इंजिनीअरांचा हात गालावर होता.

"काय हो डॉक्टर," इंजिनीअर उतावीळपणे म्हणाले, "कशी होती? शोपी, शॉरी, सोपी होती ना?" भीतीने त्यांचीही जीभ वळत नव्हती.

सोपी होती. एवढे दोन शब्द बोलले की पुरे होतं; संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीत पोचले असते आणि कालच्या दोराचं, खांबाचं, सायकलींचं सगळं धुऊन निघालं असतं. डॉक्टरांनी तोंड उघडलं. मग त्यांची नजर सेक्रेटरींकडे गेली. बोळ्याच्या वर ते दोन लाल डोळे इतके केविलवाणे झाले होते, की काल पार्किंगमध्ये आपण कसे दिसत असू ते डॉक्टरांना कळलं.

"सोपी कुठली हो!" डॉक्टर म्हणाले. "भयंकर अवघड. वाकडी मुळं. दुसरा कुणी असता तर खुर्चीसकट पळाला असता. पण यांनी हूं का चूं केलं नाही."

सेक्रेटरींची छाती फुगली. ते चांगले वीतभर उंच दिसायला लागले.

काकू उठल्या. "मी येते हो पुढच्या महिन्यात," म्हणाल्या आणि गेल्यासुद्धा. इंजिनीअरही उठले. "मी नुसता चौकशीला..." असं काहीतरी म्हणत ते दाराकडे वळले. झालं, इमारत गेली, असं डॉक्टरांच्या मनात आलं. तरी आपण चुकलो असं काही त्यांना वाटलं नाही.

तेवढ्यात सेक्रेटरींनी इंजिनीअरांचा दंड धरला. बोलता तर येत नव्हतं. त्यांनी एका हाताने स्वतःच्या फुगलेल्या गालाकडे बोट दाखवलं, मग डॉक्टरांकडे, मग आतल्या खुर्चीकडे, आणि भुवया अशा वर केल्या, की पूल बांधणारा तो माणूस मुकाट्याने आत जाऊन बसला. सेक्रेटरी दाराला पाठ लावून उभे राहिले. डॉक्टरांनी नवे मोजे चढवले आणि गोड आवाजात म्हणाले, "मोठा आ करा. काही नाही, नुसतं बघतोय."